कोंबडी जगली कशी, तेही विचारा

गटारीला चिकनच्या दुकानासमोर रांग लागते. प्रश्न ठरलेले : किलो काय भाव, ताजं आहे ना, लेगपीस जास्त टाकाल का? ही कोंबडी जगली कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. खाणाऱ्यानेच ते विचारायला हवं.

ब्रॉयलरचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतं. पैदासच तशी केलेली. छातीवर मांस इतक्या झपाट्याने चढतं की पायांना भार पेलत नाही; शेवटच्या आठवड्यात कित्येक पक्षी चार पावलं टाकून बसकण मारतात. खाली भाताचं तूस, त्यात मुरलेली विष्ठा, वर डोळ्यांना झोंबणारा अमोनिया. अंड्यांच्या कोंबडीचे हाल याहून वाईट. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला झेरॉक्सच्या ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. तळ तारेचा आणि उतरता, म्हणजे अंडं घातलं की घरंगळून पुढे. पंख पसरायचे नाहीत, माती उकरायची नाही, खुडूक बसायचं नाही. या जातीचे नर तर अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच मारून टाकतात, कारण ते ना अंडी देणार, ना मांस धरणार.

धड हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा आपल्याकडे १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. विधी आयोगाने २०१७मध्ये कोंबड्यांवर अख्खा अहवाल दिला. पिंजरे आजही आहेतच.

यात करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला झोडपू नका. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. त्याच्या हाती किलोमागे ठरलेले संगोपनाचे पैसे आणि डोक्यावर शेडचं कर्ज.

‘गावरान परवडत नाही,’ हे उत्तर मला मान्य नाही. आठवड्यातून दोनदा ब्रॉयलर आणणाऱ्याने पंधरवड्यातून एकदा मोकळी फिरलेली कोंबडी आणावी; खर्च वाढत नाही, ताटातलं मांस कमी होतं, आणि ते व्हायलाच हवं. फक्त पाटीवर जाऊ नका. शेडमध्ये कोंडून वाढवलेल्या रंगीत संकरित कोंबड्याही गावरान म्हणून खपवल्या जातात. आठवडी बाजारात डालगं घेऊन बसलेल्या मावशींना विचारा : दिवसभर कुठे चरते, रात्री कुठे कोंडता, खायला काय घालता? पाळणाऱ्या बाईला उत्तर शोधावं लागत नाही. मटण खाणाऱ्यांनीही विचारावं. आपल्याकडची बरीच शेळी-मेंढी अजून रानात चरून वाढते, आणि ती तशीच वाढत राहायला हवी असेल तर गिऱ्हाईकाने ते बोलून दाखवलं पाहिजे.

अंड्यांचं मात्र एकट्या गिऱ्हाईकाच्या हातात नाही. युरोपियन युनियनने २०१२पासून साधे बॅटरी पिंजरे बंद केले. तिथे अंड्यावर शून्य ते तीनपैकी एक आकडा छापलेला असतो, तीन म्हणजे पिंजरा. सरकारने आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेवर असाच शिक्का सक्तीचा करावा, आणि तो होईपर्यंत दुकानदाराला रोज विचारत राहावं.