आधी कमावलं म्हणून मागे

एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, जाऊन आलेल्या कुठल्याही पोराला विचारा. तिथे सुरुवातीलाच हातात एक फॉर्म पडतो. पीआयक्यू म्हणतात त्याला. आईवडील काय करतात, दहावी-बारावीला मार्क किती, खेळ कुठले, एनसीसी होतं का, याआधी किती वेळा येऊन गेलात. त्यातच एक रकाना असतो: सध्याचा व्यवसाय आणि स्वतःचं महिन्याचं उत्पन्न. तारापूर एमआयडीसीत चार वर्षं काढलेला पोरगा हा रकाना हुरुपाने भरतो. मुलाखत घेणारे अधिकारीही नेमकं तिथेच बोट ठेवतात. हाताखाली माणसं किती? थर्ड शिफ्टला पंप बसला तेव्हा काय केलंस? कामगार ऐकेनात तर काय करतोस? पोरगा मोकळेपणाने बोलतो, कारण हे सगळं त्याने केलेलं असतं. त्याची निवड होते. अकादमीतून तो खांद्यावर दोन तारे लावून बाहेर पडतो आणि त्या क्षणी त्याची ती चार वर्षं हिशेबातून पुसली जातात.

निवड करायला अनुभव चालतो, मग सेवा मोजायला का चालत नाही?

आकडे बघा. लष्कराच्या शॉर्ट सर्व्हिसच्या तांत्रिक भरतीला वय २० ते २७. सगळ्यांची सुरुवात लेफ्टनंटपासून. मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि वर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. हे सगळं मोजायचं ते कमिशन मिळाल्या दिवसापासून. एकविसाव्या वर्षी आलेला चौतिशीत लेफ्टनंट कर्नल होतो, सत्ताविसाव्या वर्षी आलेला चाळिशीत. बरं, तिथून पुढे तरी दोघे बरोबरीने चालतात का? तेही नाही. कायम कमिशन मिळालं तरी निवृत्ती हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या वयावर आहे: कर्नल ५४, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८. बढती सेवेच्या वर्षांवर आणि निवृत्ती जन्मतारखेवर. उशिरा आलेला दोन्ही टोकांनी कापला जातो.

आता उशिरा येतो कोण, ते पाहू.

पालघर किनाऱ्यावरच्या मुरब्यातलं घर घ्या. बाप बोटीवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला. हंगामातही डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा वाटा आणि बँकेचा हप्ता गेल्यावर हातात उरतं ते दरवर्षी वेगळं. थोरला इंजिनीअर झाला की घर त्याच्याकडे बघतं. तो सकाळी बोईसरची वाट धरतो, पहिली दोन-तीन वर्षं धाकट्यांची फी भरतो, कर्ज फेडतो आणि मग कुठे त्याला स्वतःचा विचार करायला उसंत मिळते. तेव्हा तो पंचविशी ओलांडून गेलेला असतो. ज्याच्या घरात पगार नियमित येतो तो पदवी हातात पडताच एसएसबीची तयारी करू शकतो. मुरब्याच्या पोराला आधी कमवावं लागतं. म्हणून काम केलेल्या वर्षांना शून्य किंमत देणारा नियम कागदावर सगळ्यांना सारखा दिसला तरी बसतो तो याच घरांवर. माझा सगळा राग इथे आहे.

दर्यावर वाढलेल्या पोराची गत आणखी वाईट. या पट्टीतली मुलं मर्चंट नेव्हीत जातात. कॅडेट म्हणून बोटीवर महिने काढायचे, मग परीक्षा, मग सेकंड मेटचा परवाना. त्यानंतर ब्रिजवर एकट्याने वॉच सांभाळायचा. चार सफरी होऊन पोरगा जरा पक्का होतो, तोवर नौदलाच्या कार्यकारी शाखेच्या शॉर्ट सर्व्हिसचं दार बंद झालेलं असतं. तिथे वयाची मर्यादा पंचविशीशीच संपते. ज्या वयात तो सर्वांत जास्त कामाचा, त्याच वयात तो अपात्र! हवाई दलाने या बाबतीत शहाणपण दाखवलं आहे. फ्लाइंग शाखेला २४ ही मर्यादा, पण कमर्शिअल पायलटचा चालू परवाना असेल तर २६. बाहेर स्वतःच्या पैशाने शिकून आलेल्या उड्डाणाला दोन वर्षांचं मोल दिलं आणि हवाई दलाचं काही बिघडलं नाही.

आमच्याच पालघर जिल्ह्यातलं उदाहरण आहे. विरारच्या गौरी महाडिक वकील आणि कंपनी सेक्रेटरी. पती मेजर प्रसाद महाडिक डिसेंबर २०१७ मध्ये तवांगजवळच्या आगीत गेले. गौरीताईंनी चालती नोकरी सोडली, एसएसबी दिली, चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि मार्च २०२० मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्यांच्याआधी साताऱ्याच्या स्वाती महाडिक. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले; स्वातीताई केंद्रीय विद्यालयात शिक्षिका होत्या, सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. वीरपत्नींना वयात सवलत आहे आणि ती असायलाच हवी. पण वयाची सवलत म्हणजे फक्त दार उघडणं. कोर्टात, कंपनीत, वर्गात घालवलेली वर्षं दाराबाहेरच राहतात. एका बाईने वकिली केली, दुसरीने वर्ग सांभाळले आणि दोघींनी सुरुवात केली ती कॉलेजातून थेट आलेल्या मुलीच्या बरोबरीने. या दोघींच्या वतीने मी बोलत नाही, मुद्दा माझा आहे.

लष्कराला बाहेरची वर्षं मोजताच येत नाहीत, असं कोणी सांगू नये. सैनिकी वैद्यकीय सेवेत बाहेरून आलेला एमबीबीएस डॉक्टर शॉर्ट सर्व्हिसला पहिल्या दिवशी कॅप्टन असतो. रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये घोड्या-कुत्र्यांचा डॉक्टरही कॅप्टन. पदव्युत्तर डॉक्टरला वयाची मर्यादा पस्तिशीपर्यंत सैल. काही वर्षांपूर्वीपर्यंत टीजीसी या लष्कराच्या इंजिनीअर भरतीच्या जाहिरातीत इंजिनीअरला एक वर्षाची मागील ज्येष्ठता लिहिलेली असायची. तीही पदवीसाठी, कामासाठी नाही. शिकण्यात गेलेल्या वर्षांना किंमत आहे आणि शिकलेलं वापरण्यात गेलेल्या वर्षांना नाही, ही उलटी गंगा आहे.

आणि नागरी बाजूने सरकारने काय केलं? १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणीची कमिशनं निघाली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तो काळ. १९६३ मध्ये पुण्यात आणि मद्रासला प्रशिक्षणाच्या शाळा उघडल्या, घरदार असलेली तरुण माणसं थोडक्या प्रशिक्षणावर सीमेवर गेली. ते अधिकारी लष्करातून मोकळे झाले तेव्हा सरकारने नियम करून त्यांच्यासाठी नागरी सेवांत जागा राखल्या आणि लष्करातली वर्षं त्यांच्या ज्येष्ठतेत धरली. अगदी योग्य केलं. मग तोच पूल उलट्या दिशेने का बांधला नाही? २०१८ मध्ये केंद्राने सहसचिवपदासाठी थेट जाहिरात काढली आणि बाहेरचा १५ वर्षांचा अनुभव मागितला. खासगी कंपनीतली पंधरा वर्षं मंत्रालयातल्या वरच्या खुर्चीला चालतात, मग खासगी कारखान्यातली चार वर्षं एका तारेला का चालू नयेत?

अमेरिका दुसऱ्या टोकाला गेली आहे. तिथे डॉक्टर-वकिलांची बाहेरची वर्षं सेवेत धरण्याची रीत जुनी. २०१८ च्या कायद्याने गरजेच्या विषयांत थेट कर्नलपर्यंत नेमायची मुभा दिली. जून २०२५ मध्ये मेटा, पॅलंटिर आणि ओपनएआय अशा कंपन्यांशी नाव जोडलेल्या चौघांना राखीव दलात एकदम लेफ्टनंट कर्नल केलं. हे मला नको आहे. एखाद्याने अब्जावधींची कंपनी चालवली म्हणून तेरा वर्षं बर्फात काढलेल्या अधिकाऱ्याच्या शेजारी त्याला बसवणं हा त्या अधिकाऱ्याचा अपमान आहे.

बाहेरची वर्षं मोजायला जे लोक विरोध करतात त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पायदळाच्या पलटणीत तीस जवानांना घेऊन डोंगर चढायचा तर पाय तरुण हवेत आणि तिथे बोईसरच्या रिअॅक्टरचा अनुभव कामाला येत नाही. तिथे कोणाला काही देऊ नका. पण ईएमईच्या वर्कशॉपमध्ये? सिग्नल्समध्ये? इंजिनीअर्समध्ये? दारूगोळ्याच्या आगारात? ज्याने एमआयडीसीत ज्वालाग्राही रसायनांच्या टाक्यांजवळ रात्रपाळ्या काढल्या, वर्क परमिटशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू दिली नाही, त्याच्या अंगात आगीची जी धास्ती मुरलेली असते ती कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही. स्फोटकं सांभाळणाऱ्या खात्याने असा माणूस मोजून-मापून, मान देऊन घ्यायला हवा.

माझी मागणी माफक आहे. तांत्रिक शाखांमध्ये सिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या कामाला एक वर्ष धरा, कमाल तीन. ही ज्येष्ठता लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या कालबद्ध बढत्यांनाच लावा. पुढची निवड मंडळ करतं, ती गुणांवर होऊ दे. वयाची अटही तेवढीच सैल करा.

अनुभव खरा की खोटा, ते कसं ओळखायचं? हा प्रश्न बिनतोड समजून फेकला जातो. पीएफचं पासबुक काढा. कुठल्या आस्थापनेत, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, किती वर्गणी, सगळं त्यात आहे. बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरच्या दाखल्यासाठी तर ठरावीक वर्षांच्या अनुभवाशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत आणि तो सरकारी बाष्पके खात्याकडून मिळतो. मर्चंट नेव्हीतल्या पोराच्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकात, प्रत्येक सफरीचा शिक्का असतो. लष्कर माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी करतं, त्याला हे तीन कागद जड नाहीत.

अडचण खरी येईल ती दुसऱ्याच जागी. एमआयडीसीतले बरेच पोरगे कंपनीत काम करतात पण कागदावर कंत्राटदाराचे असतात. कंत्राट बदललं की नाव बदलतं, मध्ये दोन महिन्यांचा खंड दाखवला जातो, पीएफ कापला जातो आणि भरलाच जात नाही. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर आज या, उद्या या. नियम उद्या बदलला तरी असा पोरगा चार वर्षं राबून हातात सव्वा वर्षाचा कागद घेऊन उभा राहील. म्हणून दिल्लीकडे मागायचं ते मागूच, पण पालघरच्या कामगार कार्यालयाने आणि पीएफवाल्यांनी आपल्या दारातलं काम आजच करावं: तारापूरच्या प्रत्येक कंत्राटदाराकडून सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला तारखांसकट दाखला.

आणि मुरब्यातल्या, नांदगावातल्या, सातपाटीतल्या पोरांनो, नियम बदलायची वाट बघत वय घालवू नका. नाशिकरोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची तयारी तिथे फुकट करून घेतात, राहण्या-जेवणासकट. सत्तावीस उलटून गेलेली असतील तर टेरिटोरियल आर्मी आहे. तिथे ४२ पर्यंत अर्ज करता येतो आणि अर्जदाराला आधीपासून कमाईचं साधन असावं लागतं. पीएफचं पासबुक या महिन्यातच उघडून बघा. वर्गणीत खंड दिसला तर कंत्राटदाराला लेखी विचारा आणि त्या कागदावर पोच घ्या.