लेबलमावशी

लेबलमावशींना बाटलीची दर्शनी बाजू दिसतच नाही. डी-मार्टात त्या क्रीम उचलतात ती थेट उलटी करूनच. चष्मा कपाळावर जातो, मोबाइलची टॉर्च लागते आणि मागे ट्रॉल्यांची रांग लागते. पुढच्या बाजूला केशराच्या काड्या, चंदनाचं खोड आणि तुकतुकीत गालांची नटी असते, पण त्या तिघांकडेही मावशींचं लक्ष नसतं. "पुढे जाहिरात, मागे जबानी," असं त्या म्हणतात.

जबानी घ्यायची त्यांची रीत पक्की आहे. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, वाटेल त्या क्रमाने. म्हणून मावशी आधी फिनॉक्सिएथेनॉल शोधतात. क्रीम टिकावं म्हणून घातलेला हा पदार्थ सहसा १ टक्क्याच्या वर नसतो. युरोपात तर कायद्याचीच ती मर्यादा आहे. म्हणजे त्याच्या मागे जे जे उभं, ते चिमूटभरच. 'क्रोकस सटायव्हस', म्हणजे साक्षात केशर, तिथे शेवटून दुसरं सापडलं की मावशींचा चेहरा कुठल्याही क्रीमशिवाय उजळतो. "बाटलीशेजारून केशराचा टेम्पो गेला असेल फार तर!"

'केमिकल-फ्री' वाचून त्या पहिल्याच घटकावर बोट ठेवतात. "अ‍ॅक्वा. पाणी केमिकल नाही, तर काय तीर्थ आहे?" 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' यावरही त्यांचा प्रश्न ठरलेला: "तपासलं म्हणतात, पण पास झालं असं कुठे म्हणतात?" हा प्रश्न खरोखर बिनतोड आहे.

मावशी येताना दिसल्या की कोपऱ्यावरची पार्लरवाली बाटल्यांची पाठ भिंतीकडे करते.

पण यादीत मागे तो लबाड, हा न्याय त्या सरसकट लावतात आणि तिथे चुकतात. रेटिनॉल अर्ध्या टक्क्याहून कमी असलं तरी काम करतं. शेपटाकडे असणं ही त्याची नामुष्की नव्हे. उलट 'अल्कोहोल' दिसलं की मावशी बाटली खाली ठेवतात, मग ते सिटाइल अल्कोहोल का असेना. फार्मसी शिकणाऱ्या भाचीने एकदा समजावलं, "मावशी, हे मेणासारखं असतं गं, त्वचा कोरडी नाही, मऊ करतं." मावशी म्हणाल्या, "असेल बाई, पण आडनाव वाईट आहे."

शिवाय यादीतून क्रम कळतो, नेमकी टक्केवारी नाही. 'क' जीवनसत्त्वाचं सीरम हवा आणि उजेड लागून पिवळं-तपकिरी पडत चाललंय, हेही लेबल सांगत नाही. ते बाटलीत डोकावूनच बघावं लागतं. मावशी बाटलीत डोकावत नाहीत.

त्यांना भेट द्यायचीच असेल तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली द्या. त्वचेतला ओलावा धरून ठेवायला ती उत्तम, आणि तिच्या यादीत घटक एकच असतो.