फोडणी हद्दपार

लीड्स, 9 नोव्हेंबर 2025

ती. सौ. आईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "सूनबाईला बरं आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता सुंठ-साखरेपासून डाळिंबाच्या रसापर्यंत सगळं सांगून टाकलंस. मागून बाबांनी लिंबाची भर घातली. म्हणून पत्र लिहायला बसलोय. कागदावर मला कुणी मधेच तोडत नाही.

हिला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे. मळमळ सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते, नवव्या-दहाव्यात कळस गाठते आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांत ओसरते, असं मिडवाइफने सांगितलं. सगळं सुरळीत असलं तर इथे डॉक्टर फारसा दिसतच नाही, मिडवाइफच सगळं बघते. तेव्हा "डॉक्टर काय म्हणाले?" हे विचारणं आता बंद कर.

पहिला उपाय तुला आवडणार नाही. उठायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, अंथरुणातच, कोरडं बिस्किट खायचं. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, एवढं साधं कारण. तुझ्या घरात पारोशा तोंडाने पाणी मागितलं तरी तू आधी मोरीकडे पिटाळायचीस. आता तुझाच मुलगा अंधारात गजर लावून उठतो आणि बायकोच्या हातावर बिस्किट ठेवतो. दात ती नंतर घासते, कारण टूथपेस्टच्या फेसानेही तिला उमळून येतं. चादरीवर चुरा असतो. मुंग्या येत नाहीत, ही इथल्या थंडीची कृपा.

दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळात घोट घोट प्यायचं. गार अन्नाला वास कमी, म्हणून फ्रिजमधून थेट दहीभात. विनाफोडणीचा.

कारण खरा वैरी निघाला हिंग. थंडीत इथे खिडक्या बंद आणि हीटर चालू. मोहरी तडतडली की वास जिना चढून झोपायच्या खोलीत जातो आणि पडद्यांत मुक्काम ठोकतो. दिवाळीत म्हणून तळणाला सुट्टी दिली. चकल्या विकतच्या आणल्या आणि त्याही मी गाडीत बसून खाल्ल्या. पण फोडणीच्या वरणाशिवाय माझं कसं व्हायचं? शेवटी कॅम्पिंगचा गॅस मागच्या अंगणात मांडला. अंगात रेनकोट, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कढलं.

शेजारच्या आजीबाई कुंपणावरून बघत होत्या. अस्सल यॉर्कशायरच्या, सत्तरी उलटलेल्या. एरवी हवामानापलीकडे चौकशी करत नाहीत. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "कितवा आठवडा?" मी गारच पडलो. तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही तुझी आज्ञा मी पाळत होतो आणि गुपित फुटलं एका कढल्यामुळे. त्यांनी मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्याकडून ते मावशी, आत्या, मामी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू असं कसं फिरलं, हे नंतर बोलू.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंनी पार्किन आणून दिलं. ओट, काळी काकवी आणि सढळ हाताने सुंठ घातलेला केक. 5 नोव्हेंबरला इथे होळी पेटवून फटाके उडवतात, त्या रात्रीचा यॉर्कशायरचा खाऊ. डब्यात चार दिवस मुरला की मऊ आणि चिकट होतो. हिने दोन वड्या खाल्ल्या आणि त्या पोटात राहिल्या. आपल्या आलेपाकाची सर नाही, पण हे मी कुंपणापलीकडे बोललेलो नाही.

आल्याच्या बाबतीत तू जिंकलीस. इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्यातही आलं आहे. दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तीही विभागून. मळमळ त्याने कमी होते, उलटी थांबेलच असं नाही. आत्याचं "जितकं जास्त तितकं बरं" इथे चालत नाही, कारण मग छातीत जळजळ सुरू होते. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर आधी विचारूनच घ्यावी.

शिवाय हिच्या मनगटाला एक पट्टा असतो. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं खाली, आतल्या बाजूला, त्याचं बटण दाबून बसतं. त्याचे पुरावे उलटसुलट आहेत, पण बसमध्ये तिला बरं वाटतं, तेव्हा मी वाद घालत नाही. मावशीने व्हिडिओवर तो बघून "गंडा कुणाकडून बांधून घेतला?" असं विचारलं. तिला कळव, दुकानातून.

मामी म्हणतात, "मन घट्ट कर." त्यांना हे वाचून दाखव. केंब्रिजच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिलं की या मळमळीमागे मुख्यतः वारेतून येणारं जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक असतं. गरोदरपणाआधी शरीराला त्याची सवय जितकी कमी, तितका त्रास जास्त. मनाचा यात संबंध नाही.

आत्याचा काढा मी कपाटात ठेवून दिलाय, आणि तिथेच राहणार. बाटलीवर घटकांची नावं नाहीत, आणि काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे. "नैसर्गिक आहे, त्यात अपाय कसला?" असं ती म्हणते. अफूही झाडावरच येते. पण गोळीला घाबरणाऱ्यांनाही मी हसत नाही. 1958 ते 1961 या काळात ब्रिटनमध्ये थॅलिडोमाइड मिळायचं, मळमळीवरही दिलं जायचं, आणि कित्येक मुलं अपुऱ्या हातापायांनी जन्मली. आजीबाईंच्या अंगावर त्या नावाने अजून काटा येतो. आजचं औषध वेगळं आहे. डॉक्सिलामिन आणि बी-6 जीवनसत्त्व या जोडगोळीला 2018 मध्ये इथे याच त्रासासाठी परवाना मिळाला. लागलं तर ते घ्यायचं, असं आमचं ठरलंय.

केव्हा लागेल, तेही विचारून ठेवलंय. चोवीस तास काहीच पोटात टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद व्हायला लागली, वजन उतरलं, चक्कर आली, की घरगुती उपाय संपले. हे जिवावरही बेतू शकतं. इथून जवळच हॉवर्थ गाव आहे, शार्लट ब्राँटेचं. बाबांनी तिची 'जेन एअर' वाचली असेल. 1855 मध्ये अडतिसाव्या वर्षी, गरोदर असताना ती गेली, तेव्हा तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. दाखल्यावर क्षय लिहिलाय, पण पुष्कळ डॉक्टरांना ती या उलट्यांनीच गेली असं वाटतं. तेव्हा सलाइन सर्रास मिळत नव्हतं. आता कोपऱ्यावरच्या इस्पितळात आहे.

पार्सल पाठवणारच असशील तर आमसुलं, आवळासुपारी आणि साय न घालता केलेली आलेवडी पाठव. दूध-तुपाचं काही नको, कस्टमवाले काढून टाकतात. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर तू येशील तेव्हा इथेच करू.

स्कॅन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर कृपा करून आणखी कुणाला सांगू नकोस. ज्यांना सांगून झालंय, त्यांना निदान एवढं सांग की नवे उपाय कळवू नका.

तुझा,
धाकटा