फुलबाजीसुद्धा नको

गेल्या रविवारी आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये भाचीच्या लग्नाची बैठक बसली. तुळशीची लग्नं लागली की दिल्लीत वरातींना ऊत येतो, आमचाही मुहूर्त त्यातलाच. मंडपवाल्यानं यादी पुढे केली. वरातीला लडी. जोडपं हॉलमध्ये शिरताना 'कोल्ड पायरो'. आणि निघताना चाळीस पाहुण्यांच्या हातात फुलबाज्या, त्यांची कमान, खालून नवरा-नवरी. आत्यानं लडीवर लगेच काट मारली. फुलबाजीपाशी तिचं पेन थांबलं. "अरे, ती कुठे वाजते? लहान पोरंसुद्धा लावतात की."

नेमकं हेच वाक्य मला खुपतं. वाजत नाही म्हणून फुलबाजी सुटते.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं 2016 साली मुलांच्या आवडीचे सहा फटाके एकेक करून पेटवले आणि पेटवणारा जेवढ्या अंतरावर असतो तिथली हवा मोजली. पीएम 2.5 म्हणजे थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ. घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये तिचा उच्चांक नागगोळीला 64,500 निघाला, लडीला 38,540. फुलबाजीला 10,390. आणि ज्याच्यापासून आपण पोरांना चार हात लांब उभं करतो त्या भुईनळ्याला 4,860. फुलबाजीच्या निम्म्याहून कमी! आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. क्षणाचा उच्चांक आणि दिवसभराची सरासरी यांची थेट तुलना होत नाही, हे मान्य. पण कमानीखालून चालणारी मुलगी त्या क्षणीच श्वास घेणार आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक नाही, चाळीस फुलबाज्या असणार आहेत.

जरा जवळून बघा ती. तारेवर थापलेला राखाडी लेप. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड, लोखंडाचा कीस, आणि जुन्या कृतीत बेरियम नायट्रेट. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड, हजार अंशांच्या वरचं. विझल्यावर तार काळी पडते, थंड दिसते आणि तरीही चटका देते. लहानपणी आई बादलीत पाणी भरून ठेवायची, विझलेली तार त्यात टाकली की चर्र आवाज यायचा. लग्नाच्या कमानीत ती बादली कुठे असते? तिथे असतो नवरीचा शेला, करवल्यांच्या जॉर्जेटच्या ओढण्या, आणि एका हातात फुलबाजी, दुसऱ्या हातात मोबाईल धरलेले पाहुणे.

मंडपवाला म्हणाला, "ग्रीनवाल्या आणतो." हिरवे फटाके आपल्या नागपूरच्या नीरीतल्या शास्त्रज्ञांनी घडवले, त्या कामाचा मला अभिमान आहे. पण त्यांचा दावा धूळ साधारण तीस टक्क्यांनी कमी होण्याचा आहे. उरलेले सत्तर टक्के नोव्हेंबरच्या दिल्लीत जातील कुठे? रात्री थंड हवा जमिनीलगत बसते, वारा पडतो, धूर वर जातच नाही. आर. के. पुरममध्येच प्रदूषण मोजायचं केंद्र आहे. थंडी सुरू झाली की बातम्यांत आमच्या वस्तीचा आकडा झळकतो. घरात आठ वर्षांचा पुतण्या आहे, त्याच्या दप्तरात डब्याशेजारी पंप असतो.

आणि कायदा तर स्पष्ट आहे. 2015 साली तीन बाळं, दोन सहा महिन्यांची आणि एक चौदा महिन्यांचं, वडिलांमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेली आणि स्वच्छ हवा मागितली. 2018 च्या निकालानं लडी आणि बेरियमचे क्षार बंद केले, आणि लग्नाकार्यांनाही तोच नियम लावला. डिसेंबर 2024 मध्ये दिल्ली सरकारनं फटाके बनवण्या-विकण्यापासून वाजवण्यापर्यंत सगळ्यावर वर्षभराची बंदी आणली. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयानं ती सैल करायला नकार दिला. त्या ऑक्टोबरमध्ये हिरव्या फटाक्यांना जी सवलत मिळाली, ती दिवाळीच्या मोजक्या दिवसांपुरती, ठरल्या तासांपुरती. लग्नाच्या वरातीला त्यात जागा नव्हती.

राहिला 'कोल्ड पायरो'. थंड हे नाव फसवं आहे. यंत्रातून उडते ती धातूची पेटलेली भुकटीच. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये 25 माणसं गेली. आत उडवलेल्या विजेवरच्या फटाक्यांनी आग लागली, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. त्याआधी सप्टेंबर 2023 मध्ये इराकच्या काराकोशमध्ये ऐन लग्नात, हॉलच्या आत, असेच कारंजे उडवले. छत पेटलं, शंभरावर पाहुणे दगावले. आमच्या हॉलचं छतही थर्माकोलनं आणि झिरझिरीत पडद्यांनी मढवायचं ठरलं होतं.

काकांचा मुद्दा वेगळा होता आणि तो मी उडवून लावणार नाही. "लग्नात शोभेची दारू आपल्याकडे पूर्वापार आहे," ते म्हणाले. खरं आहे. लग्न जमावं म्हणून मुली ज्याचं पारायण करतात, त्या नाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'तही कृष्णाच्या लग्नाला दारूकाम आहे. सोळाव्या शतकातला ग्रंथ तो. पण काका, तेव्हा ती दारू उघड्या माळावर उडत होती आणि वर मोकळं आभाळ होतं. इथे चार मजली क्वार्टर्सच्या मधल्या बोळात आभाळच कोंडलेलं आहे. रूढी जपायची तर अंतरपाट जपू, अक्षता जपू, मंगलाष्टकं चालीत म्हणणारे दोघंतिघं शोधू.

भाची इतका वेळ गप्प होती. तिनं आत्याच्या हातातलं पेन घेतलं आणि कमान, पायरो, दोन्ही ओळी खोडल्या. "मग निघताना काय?" मंडपवाल्यानं विचारलं. "सनई," ती म्हणाली, "आणि सगळ्यांच्या हातात झेंडूच्या पाकळ्या."

आत्यानं त्याच संध्याकाळी पहाडगंजच्या मराठी मंडळींना फोन लावले. सनईवाले मिळाले आहेत. संबळ वाजवणारा अजून मिळत नाही. दिल्लीत कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा, मुहूर्ताला तीनच आठवडे आहेत.