बोगस मतदार कसे व्हावे? नवशिक्यांसाठी पाच धडे

साहित्य: पासपोर्ट साइजचा फोटो एक, पेन एक, आणि वर्षभराची सवड. सवडीचा उपयोग पुढे कळेल.

धडा १. मतदार नोंदणीचा नमुना ६ आणा. नाव, वय, पत्ता मनाला येईल तसा ठोकून द्या. तळाचे घोषणापत्र मात्र वाचू नका, हात थरथरून अक्षर बिघडते. खोटी माहिती दिल्यास १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे मला ठाऊक आहे, असे त्यात तुम्हीच म्हणत असता. आता सही करा. कबुली आधी आणि गुन्हा नंतर, अशी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

धडा २. नाव मुंबईतही ठेवा आणि गावीही. त्याच कायद्याचे कलम १७ दोन मतदारसंघांत नाव ठेवू देत नाही, कलम १८ एकाच मतदारसंघात दोनदा ठेवू देत नाही. ‘यादीतलं नाव काढलं तर भाऊ जमीन खाईल’ ही सबब दोन्ही कलमांत बसत नाही. जमीन सातबाऱ्यावर असते, मतदार यादीत नव्हे.

धडा ३. विरोधकाचे नाव कापायचे? नमुना ७ भरा. त्यातही स्वतःचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही द्यावी लागते. खोटे निघाले तर कलम ३१ आहेच. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यावर आपल्याच नावाची पाटी!

धडा ४. मतदानाच्या दिवशी दुसऱ्याच्या नावाने रांगेत उभे राहा. समोरचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून तुमच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. आजकाल दोन रुपयांत कटिंगही येत नाही, पण तुम्ही पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकता. भारतीय न्याय संहितेचे कलम १७४ इथेही एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवते.

धडा ५ (फक्त अधिकाऱ्यांसाठी). मतदार यादीच्या कामात कसूर केलीत तर १९५०च्याच कायद्याचे कलम ३२ आहे: किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे कैद, वर दंड. यादी सोडून थेट मतपत्रिकांवर हात चालवायचा असेल, तर प्रात्यक्षिकासाठी चंडीगडची महापौर निवडणूक पाहावी. ३० जानेवारी २०२४ रोजी पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर पेनाने खुणा केल्या आणि त्या बाद ठरवल्या. मध्येच मान वर करून त्याने कॅमेऱ्याकडेही पाहिले. तो चालू होता. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती आठही मते वैध धरली, निकाल फिरवला आणि अधिकाऱ्यावर कारवाईचे आदेश दिले.

एवढी सवड नसेल, तर घर बदलल्यावर गुपचूप नमुना ८ भरा. फी नाही. सही तिथेही लागते, फक्त ती केल्यावर रात्री झोप लागते.