कारणे दाखवा नोटीस : मुळांवरच्या बुरशीस

प्रति,
मायकोरायझा बुरशी,
मु. पो. माती (खुणेची जागा : झाडाची मुळे)

विषय : नवीन लावलेली रोपे वाळल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते, की आमच्या सोसायटीने पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले कडुलिंब, बहावा व तामण दिवाळीपूर्वीच काड्या झाले आहेत. रोपे ठणठणीत होती, पाहुणे वेळेवर आले, फोटोही छान निघाले. सबब दोष द्यायला आपण एकट्याच उरता.

राज्याने २०१९ साली ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. आमची तर जेमतेम चाळीस. तेवढ्यांकडेही आपल्याला लक्ष देता आले नाही?

आपल्या कामाची माहिती समितीने काढली आहे. आपण मुळात शिरता आणि मुळाचा हात पोचत नाही तिथवर, केसाहून कितीतरी बारीक धागे मातीच्या फटींतून धाडता. झाडाला लागणारा स्फुरद (फॉस्फरस) हा मातीतला जागचा न हलणारा गृहस्थ. कोकणच्या जांभ्यात त्याला लोह आणि अ‍ॅल्युमिनियम धरून बसतात, देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी. मुळाने अगदी लगतचा स्फुरद संपवला की ते हात चोळत बसते. आपण काही सेंटिमीटर पलीकडून आणून देता. बदल्यात झाड पानांत केलेली साखर आपल्याला पोचवते, कधी कधी पाचव्या हिश्श्यापर्यंत. ही मजुरी की टक्केवारी, याचा खुलासा करावा. टक्केवारीला आमची हरकत नाही, पण ती आधी ठरते.

रोप एका जागेवरून दुसरीकडे हलवताना बारीक मुळ्या तुटतात, आणि पाणी ओढणाऱ्या त्याच असतात. वर पाने तेवढीच, खाली पिणारी तोंडे कमी. म्हणून टँकरने भिजवलेल्या आळ्यात उभे राहूनही रोप दुपारी मान टाकते. अशा वेळी आपले धागे मातीशी तुटलेला संबंध जोडून देतात, असा आपला लौकिक.

मग आमच्याच खड्ड्यांत आपण फिरकला का नाहीत? आम्ही काय कमी केले? पेव्हर ब्लॉक उचकटून दीड फूट खड्डा घेतला, तळाला राडारोडा, वर मुरूम. नर्सरीच्या पिशवीतली माती जड लागली म्हणून ठेकेदाराच्या माणसाने रोपे धरून फरशीवर आपटली आणि मुळ्या स्वच्छ झाडून घेतल्या. त्या मातीत आपला मुक्काम होता, हे आम्हाला कुणी लेखी कळवले नव्हते. वर मूठ मूठ डीएपी हे स्फुरदाचे खत टाकले. स्फुरद आयता मिळू लागला की झाड आपल्याला दारात उभे करत नाही म्हणे. आम्ही तर पाहुणचार म्हणून टाकले होते. पानांवर डाग दिसताच कार्बेन्डाझिमची आळवणीही केली. ते बुरशीनाशक होते, हे मान्य. पण आपण उपयुक्त गटात मोडत असल्याचा दाखला आपण वेळेत सादर केला नाही.

कागदोपत्री आपण नवख्या नाहीत. प्रशियाच्या सरकारला ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी पिकवायची होती. त्या कामावरच्या अल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली आपले बारसे केले. ट्रफलचे राहिले बाजूला. (सरकारी योजनेतून भलतेच पण चांगले काही निघाल्याचे दुसरे उदाहरण समितीला आठवत नाही.) प्वेर्तो रिकोत पाइनची रोपे पिवळी पडून खुंटायची, ती पाइनच्या रानातली माती आणून कालवल्यावर उठली, ते काम आपल्या भाऊबंदांचे. तिथे जाता येते, आमच्या बी विंगपर्यंत येता येत नाही!

असो. समितीने आता आपल्या नावाची भुकटी मागवली असून ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली आहे. मे महिन्यात तीत आपण जिवंत असाल किंवा कसे, ते कळवावे. काही खडूस सभासदांचे म्हणणे असे, की जिवंत मुळाला टेकल्याशिवाय आपण वाढतच नाही, तेव्हा भुकटी वरून भुरभुरून काही होणार नाही. त्यापेक्षा फाटकाजवळच्या जुन्या कडुलिंबाखालची दोन घमेली माती खड्ड्यात मुळांलगत घाला, पिशवीतला मातीचा गोळा फोडू नका, पालापाचोळा जाळायचे बंद करा. फुकटात काम होईल. फुकटातल्या कामाचे बिल कसे काढायचे, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही.

तरी आपला खुलासा पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी पोचावा. न पोचल्यास आळ्यांवर काँक्रीट ओतून विषय निकाली काढण्यात येईल.

आपला,
सचिव, सुशोभीकरण समिती

प्रत माहितीसाठी : गांडूळ, वरील पत्त्यावर (शिल्लक असल्यास).