पाणी दिसलं पाहिजे

मोठ्या कुटुंबाच्या मेळाव्यासाठी तळ्याकाठची जागा निवडायला निघालेल्याने आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. जागा कुणी निवडत नसतं, ती ठरते. घरातले पाच-सहा कर्ते पुरुष महिनाभर व्हॉट्सॲपवर नकाशे, दरपत्रकं आणि शुभ सकाळची फुलं टाकत राहतात. मग एका दुपारी धाकटी आत्या फोन करून विचारते, "तिथे कमोड आहे ना रे?" आणि चौदा जागांपैकी अकरा तिथल्या तिथे बाद होतात. तरीही निवडीची रीतसर प्रक्रिया पार पाडावीच लागते, कारण पुढे काही बिनसलं तर शिव्या खायला एक माणूस हाताशी लागतो. हे मार्गदर्शन त्या माणसासाठी आहे.

पहिलं काम डोकी मोजण्याचं. नातेवाईक तीन प्रकारचे असतात. नक्की येणारे, "बघू, कळवतो" म्हणणारे आणि "आमचं काही धरू नका" म्हणून आयत्या वेळी सहाजण घेऊन उतरणारे. हिशेब नेहमी तिसऱ्या गटावरून करावा. रिसॉर्टवाल्यांकडे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे पडत नाहीत, त्यामुळे आपल्या खानदानात त्या दोन दिवसांपुरतं एकही मूल सहा वर्षांचं नसतं. पाचवीतला पुतण्यासुद्धा नाही. मुलांना हे आधी पढवून ठेवावं. नाहीतर गल्ल्यापाशी उभं राहून तीच आपली खरी जन्मतारीख सांगतात.

आता महिना. इथे भलेभले तोंडघशी पडतात. मुलांना सुट्टी मे महिन्यात, अमेरिकेतल्या चुलतभावाला डिसेंबरात, बँकेतल्या वहिनीला मार्च सोडून कधीही आणि तळ्याला पाणी सप्टेंबरात. हे चौघे एका तारखेला भेटत नाहीत. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा, तापोळा या तुमच्या यादीतल्या सगळ्या जागा धरणांच्या जलाशयांकाठच्या आहेत. हे जलाशय आपल्या कौटुंबिक फोटोसाठी बांधलेले नाहीत. पावसाळा संपताना ते काठोकाठ भरतात. मग पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, आवर्तनं ठरतात, कालवे सुटतात आणि तुमच्या खिडकीतलं पाणी कुणाच्या तरी उसाला, नाहीतर वीजघराला जायला निघतं. मे महिन्यात 'लेक व्ह्यू'चे जादा पैसे मोजून तुम्ही पडदा सरकवता, तेव्हा समोर भेगाळलेला गाळ असतो, त्यात दोन म्हशी असतात आणि फार लांब एक चकाकती रेघ. ती रेघ म्हणजेच लेक, असं मॅनेजर शपथेवर सांगतो. तो खोटं बोलत नाही.

म्हणून रिसॉर्टच्या वेबसाइटवरचे फोटो पाहू नयेत, वर्तमानपत्रातला धरणसाठ्याचा तक्ता पाहावा. तो टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत असतो. थोरल्या काकांना तो वाचून दाखवायला द्यावा, त्यांचा वेळ चांगला जातो. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, हे ते कुठल्याही लग्नात सांगतात. उजनीचं प्रकरण मात्र त्यांनाही चक्रावून टाकतं. तिची एकूण क्षमता ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. टक्केवारी उरलेल्या उपयुक्त साठ्यावरच काढतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की उजनी 'उणे' होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. शून्याखाली जाऊनही चालू राहिलेली दुसरी संस्था म्हणजे आमचा कुटुंबनिधी.

इतकं सांगूनही मे महिनाच ठरला तर त्याचा डांगोरा पिटावा. पाणी ओसरलं की उजनीतलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, पवनेतलं वाघेश्वराचं देऊळही वर येतं. पाण्याऐवजी देवदर्शन झालं तर ज्येष्ठ मंडळी तक्रार करत नाहीत, उलट तुम्ही हे मुद्दाम घडवून आणलं असं समजून आशीर्वाद देतात. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याला काजवे असतात. झाडंच्या झाडं लुकलुकतात, ते खरंच बघण्यासारखं आहे. अट एकच. टॉर्च न लावता, फ्लॅश न मारता, गप्प उभं राहायचं. आमच्याकडची पन्नास माणसं एकत्र गप्प बसल्याचा प्रसंग आजोबांचं मृत्युपत्र वाचलं तेव्हाचा. त्यामुळे काजव्यांची जबाबदारी घेताना विचार करावा.

भंडारदऱ्याचं आणखी एक आहे. धरण पुरं झालं १९२६ साली. त्याला नाव विल्सनचं आणि मागच्या जलाशयाला आर्थरचं. भाऊबंदकी टाळायची ही साहेबाची रीत गावाकडच्या सामायिक विहिरीलाही लावून बघायला हरकत नाही.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव कुणीतरी सुचवणारच. घोडे आहेत, कणसं आहेत, स्ट्रॉबेरी क्रीम आहे, होडीची रांग आहे. अडचण इतकीच, की तिथे उरलेला महाराष्ट्र आधीच पोचलेला असतो आणि दुपारपर्यंत आपली माणसं दुसऱ्याच्या कुटुंबात मोजली जातात. तापोळा सुंदर आहे, पण महाबळेश्वरहून खाली उतरणाऱ्या वळणांवर सतरा सीटर गाडीतल्या मागच्या दोन रांगांचं काय होतं, ते आवळासुपारी वाटणाऱ्या काकूंना विचारा.

ज्ञानपिपासू काका लोणार लावून धरतील. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेलं विवर, त्यात खारं आणि अल्कधर्मी पाणी. २०२० साली ते गुलाबी झालं आणि त्याच वर्षी रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. हे सगळं खरं आहे. पण तळ्यापाशी जायचं तर विवरात उतरावं लागतं आणि उतरलेल्याला परत चढावंही लागतं. दोन्ही गुडघे बदललेली मंडळी वरच्या कडेला बसून भेळ खातील, आणि सहलीत शहाणे तेवढेच ठरतील. नागपूरचे काका नवेगावबांध सुचवतात. ते दरवर्षी सुचवतात. दरवर्षी सगळे "पुढच्या वेळी नक्की" म्हणतात आणि काका रातोरात रेल्वेने पुण्याला येतात. या अन्यायावर इथे उपाय सुचवलेला नाही.

काठावरचे तंबू हा तरुण पिढीचा हट्ट असतो. त्यांना नाही म्हणू नये, फक्त एक प्रात्यक्षिक घ्यावं. घरच्या दिवाणखान्यात जमिनीवर पातळ गादी टाकावी, शेजारी चार खुर्च्यांवर चादर घालून कमरेएवढं दार करावं आणि रात्री अडीच वाजता आजीला म्हणावं, उठा. आजी आधी कुशीवर वळते. मग कोपरावर येते. मग "अगं बाई" म्हणून थांबते. पुढे एक नातू हात देतो, दुसरा पाठीमागून टेकू लावतो आणि जावईबापू, ज्यांना खरं तर झोपेतून उठवायची रीत नाही, चपला शोधतात. त्यानंतर दव पडलेल्या गवतातून शंभर पावलांवरचा सामायिक संडास. तिथे दिवा असेलच असं नाही. हे एकदा पाहिलं की तरुण पिढी आपणहून पक्क्या खोल्यांचे दर विचारू लागते.

खोल्या बघायला स्वतः जावं आणि कॅमेरा घरी ठेवावा. विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तळमजल्यावर किती खोल्या, कमोड किती, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत, जनरेटर पंख्यांना पुरतो की नुसत्या स्वागतकक्षातल्या माशांच्या पेटीला. घोरणाऱ्यांची वेगळी खोली काढावी. तिच्यावर हक्क सांगायला कुणी पुढे येत नाही, कारण घरात कुणीच घोरत नाही, शेजारचा घोरतो. नाइलाजाने बायकांकडून गुप्त अहवाल मागवावा.

पण खरी परीक्षा चहाची. "किचन साडेसातला उघडतं," असं मॅनेजर अभिमानाने सांगतो. आपल्याकडचे सहा ज्येष्ठ साडेचारला उठलेले असतात. त्या तीन तासांत ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात, पाण्याकडे एक नजर टाकतात, "छान आहे" म्हणतात आणि उरलेला वेळ ही जागा कुणी ठरवली याचा शोध घेतात. साडेचारला पहिला चहा मिळत असेल तर खिडकीतून गाळ दिसला तरी चालतो. मिळत नसेल तर समोर मानससरोवर असून उपयोग नाही. मावशी इलेक्ट्रिक किटली आणतेच, फक्त ती लावल्यावर तळमजल्याची वीज जाते.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. धरणाच्या जलाशयात कुणालाही पोहायला उतरवू नये, पट्टीच्या पोहणाऱ्या दादाला तर मुळीच नाही. याला नदीसारखा घाट नसतो. वर दिसणारा डोंगराचा उतारच पाण्याखाली तसाच पुढे गेलेला असतो, म्हणून गुडघाभर पाण्यातून दोन पावलं टाकली की एकदम खोल. वरून गाळ, त्यात पाय रुततो. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालून, आणि "फोटोपुरतं काढते" हे कुठल्याही वहिनीचं ऐकू नये. एक रागीट मामा काठावर बसवून ठेवावा. प्रत्येक घरात असा एक मामा असतो, त्याला एरवी काम नसतं.

इतकं झाल्यावर ॲडव्हान्स भरावा, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकावा आणि फोन दोन तास बंद ठेवावा. उघडल्यावर एकवीस अंगठे, आठ जोडलेले हात आणि ठाण्याच्या काकांचा मेसेज आलेला असेल, "छान! पण मी काय म्हणतो, त्यापेक्षा गणपतीपुळे का नको?" त्याला उत्तर देऊ नये. ते आत्या देईल.